दाराचा जुना रंग काढताय? सँडर सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जुनं लाकडी दार आहे, चार पॅनेलचं, वर्षानुवर्षं एकावर एक ऑइल पेंटचे हात बसलेत, आत चांगलं लाकूड असावं म्हणून सगळा रंग काढून पॉलिश करायचंय. सँडर म्हणजे घासायचं मशीन आणि त्याच्या ८० नंबरच्या, जाड खरखरीत डिस्कचा गठ्ठा आणून ठेवलाय, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की कॉस्टिक सोडा लावून ठेवा, रात्रीत सगळं सुटेल. तर यातलं काय करू?

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. सँडर परत करू नका, तो लागणार आहे, पण अगदी शेवटी आणि तोही थोडाच वेळ.

मी दारं, खिडक्या, कपाटं साफ करायचं काम बरीच वर्षं करतोय आणि "हे जरा वाचवता येईल का बघा" म्हणून जी दारं माझ्याकडे येतात त्यातलं रंगाने खराब झालेलं दार जवळपास नसतंच. रंगाखाली लाकूड उलट झाकून छान राहिलेलं असतं. दार खराब होतं ते रंग काढताना, आणि तेही घाईने. कडा गोल झालेल्या, नक्षी बोथट झालेली, मधे मधे खड्डे, आणि मशीनच्या गोल गोल ओरखड्यांच्या खुणा ज्या पॉलिशचा पहिला हात मारला की जास्तच उठून दिसतात.

सँडर आधी का नाही ते सांगतो, कारण ती मोह पाडणारी वस्तू आहे. एकतर जुना ऑइल पेंट घासताना गरम होतो, मऊ पडतो आणि कागदात जाऊन बसतो, पाच मिनिटांत डिस्कवर गुळगुळीत चकचकीत थर येतो आणि मग ती डिस्क घासत नाही, नुसती फिरते. दुसरं, रंगाची जाडी सगळीकडे सारखी नसते. कोपऱ्यात, खाचेत ओघळून जाड झालेला असतो आणि कडेवर, हात लागतो तिथे पातळ. म्हणजे खाचेतला रंग निघेपर्यंत कडेवरचं लाकूड खाऊन झालेलं असतं. तिसरं म्हणजे धूळ, त्यावर पुढे वेगळं लिहितो कारण तो गमतीचा विषय नाही.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न. रंग पूर्ण काढायचाच आहे का? तुम्हाला पॉलिश करायचंय म्हणजे लाकूड दिसायला हवं, तर हो, काढावाच लागेल. पण जे लोक परत ऑइल पेंटच मारणार असतात तेही उगाच नागडं लाकूड होईपर्यंत खरवडत बसतात. नवीन ब्लेडने रंगावर जवळ जवळ उभ्या आडव्या चिरा पाडा, त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे चौकोन चिकटून आले तर थर सुटलाय, काढा. काहीच आलं नाही तर तो रंग घट्ट आहे, त्याच्यासारखा प्रायमर तुम्हाला विकत मिळणार नाही, फक्त पोपडे आलेली जागा खरवडायची, कडा उतरत्या घासायच्या, लांबी म्हणजे पुट्टी भरायची आणि रंग मारायचा. एका दिवसाचं काम.

आता पॉलिशच करायचंय असं धरून पुढे. सगळ्यात आधी एक खिडकी उघडून बघायची, म्हणजे दारावरच. बिजागरीच्या बाजूला, खाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे हाताच्या पंजाएवढी जागा पूर्ण लाकडापर्यंत साफ करा. या पंजाएवढ्या जागेत सगळी माहिती मिळते. थर किती आहेत ते कळतं, मला एकदा एका दारावर वरून पांढरा, खाली पिस्ता, मग निळा, परत निळा पण वेगळा, मग चॉकलेटी आणि सगळ्यात खाली गुलाबी प्रायमर असं निघालं, पॅनेलच्या कोपऱ्यात तर ते सगळं मिळून जाड पुठ्ठ्याएवढं झालं होतं. मग लाकूड कुठलं आहे ते कळतं. आणि मुख्य म्हणजे खाली लाकूडच आहे ना ते कळतं. फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार असेल तर वरचं व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, तिथे जोरात स्क्रॅपर म्हणजे खरवडायचं पातं किंवा मशीन चालवलं की दोन मिनिटांत खालचं प्लाय दिसायला लागतं आणि त्याला इलाज नाही.

ही तपासणी दाराच्या वर, मधे आणि खाली अशी तीन जागी करा. मी एकदा फक्त वरती बघितलं, सुंदर सरळ रेषांचं सागवान दिसलं, खूश होऊन सगळं दार सोलायला घेतलं आणि तिसऱ्या दिवशी खालची आडवी पट्टी साफ झाल्यावर दिसलं की ती कधीतरी कुजल्यामुळे बदललेली होती, भलत्याच पांढऱ्या लाकडाची, वर मेणासारखी लांबी थापलेली. जुन्या माणसाने ते रंगाखाली लपवलं होतं आणि बरोबरच लपवलं होतं. ते दार शेवटी परत रंगवलं. तीन दिवसांचं काम फुकट, आणि चूक माझीच.

आता शिसं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, पांढऱ्या रंगात पिगमेंट म्हणून, पिवळ्या-केशरी-हिरव्यात लेड क्रोमेट म्हणून, लाल प्रायमरमध्ये शेंदूर म्हणजे रेड लेड, आणि लवकर वाळावं म्हणून टाकलेल्या ड्रायरमध्येही. अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर १९७८ साली बंदी आली, भारतात ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग शिसं एवढी, कायदेशीर मर्यादा लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे दार जुनं असेल तर शिसं आहे असं समजूनच काम करायचं. खात्री हवी असेल तर सगळे थर येतील असा तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासून घ्या, रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात पण त्यांच्यावर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही, काडी वरच्या थराला लागते आणि शिसं असतं खालच्या थरात.

शिशाचा धोका दोन वाटांनी येतो, कोरड्या घासण्याची धूळ आणि फार तापवल्यावर निघणारा धूर. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही, म्हणून मुलं आणि गरोदर बाई असेल त्या घरात आतमध्ये हे काम करूच नका, दार काढून बाहेर न्या. खाली जाड प्लास्टिक अंथरा, खरवडताना पाण्याचा फवारा मारत राहा म्हणजे चुरा उडत नाही, पडलेला चुरा ओल्या फडक्याने गोळा करा. झाडूने झाडू नका, आणि घरातला साधा व्हॅक्युम तर अजिबात लावू नका, तो बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो, त्याला हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर लागतो. मास्क म्हणजे रबरी, बदलायचे फिल्टर लागतात तो, पी १०० दर्जाचा. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान. कामाचे कपडे वेगळे धुवायचे, आणि हात धुतल्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही, विडी-सिगारेट पण नाही.

हां, दार उतरवायचं. उभ्या दारावर काम करता येतं पण केमिकल ओघळतं आणि खालच्या आडव्या पट्टीपर्यंत वाकून कंबर जाते, त्यामुळे उतरवाच. खाली दोन बाजूंनी पाचरी मारून वजन पाचरींवर घ्या, आधी खालची बिजागरी सोडा, मग मधली, वरची शेवटी, आणि वरची सोडताना दुसरा माणूस हवाच. जुनं भरीव दार दिसतं त्यापेक्षा बरंच जड निघतं.

स्क्रू फिरत नाहीत ही सगळ्यांची तक्रार असते आणि नव्वद टक्के वेळा कारण एकच, स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असतो आणि स्क्रू ड्रायव्हर वरवर बसतो. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याचं टोक खाचेच्या एका बाजूला तिरपं ठेवा आणि हातोडीने हलकेच टुकटुक करत खाचेतून ओढत न्या, रंगाचा एक लांब किडा बाहेर येतो. मग योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवून वर एकच सरळ ठोका द्या, आणि आधी पाव फेरा घट्ट करायच्या दिशेने, मग उलटा. तरी नाही सुटला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, गार होऊ द्या, परत करा. ग्राइंडरने डोकं उडवायची घाई नको. प्रत्येक बिजागरी कुठली ते मागे कोरून ठेवा, वर-मध्य-खाली, कारण जुन्या बिजागऱ्या आपापल्या खाचेतच नीट बसतात.

कड्या, बिजागऱ्या, मुठी यांच्यावरचा रंग खरवडू नका. जुन्या टाकाऊ भांड्यात पाणी, थोडा खाण्याचा सोडा, मंद आचेवर तासभर ठेवा, खिडकी उघडी ठेवून किंवा बाहेरच. रंग सापाच्या कातीसारखा सुटतो. ते भांडं मग परत स्वयंपाकाला कधीच वापरायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं भांडं किंवा ॲल्युमिनियमची कडी यासाठी चालत नाही, काळी पडते.

आता मुख्य काम. रंग काढायच्या पद्धती पुष्कळ सांगितल्या जातात पण माझ्या मते मोठ्या सपाट जागेला उष्णता, नक्षीला आणि उरल्यासुरल्याला केमिकल, आणि हातात कायम धारदार स्क्रॅपर, एवढ्यात सगळं बसतं.

हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारं हातातलं मशीन. ब्लो लॅम्प नाही, उघडी ज्योत दारावर कधीच नाही, लाकूड काळं पडतं आणि शिशाचा धूर होतो तो वेगळाच. हीट गनला तापमान कमी-जास्त करता येत असेल तरच घ्या. शिसं असेल तर सुमारे ५९० अंश सेल्सिअसच्या वर जायचं नाही ही सर्वमान्य मर्यादा आहे, पण मी म्हणतो तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही, ३०० पासून सुरू करा आणि रंग हलतच नसेल तर थोडं थोडं वाढवा. तोंड लाकडापासून पाच ते आठ सेंटीमीटरवर, सतत हलवत.

एकदा बघितलं की विसरत नाही असं ते असतं. आधी काही सेकंद काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं जवळ न्यावं. नेऊ नका. मग रंगाची चकाकी बदलते, किंचित ओलसर दिसायला लागतो, मग त्यावर सुरकुती येते, आणि मग एक फुगा येतो, पापडासारखा. हा फुगा आला की त्याच क्षणी गन पुढच्या दोन इंचांवर सरकवायची आणि मागून स्क्रॅपर घालायचा, बेताचा कोन ठेवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, न दाबता. बरोबर जमलं तर सगळे थर एकत्र, लांब पट्टी होऊन, गुंडाळत येतात आणि खाली लाकूड जवळपास स्वच्छ असतं. फुग्यातून धूर यायला लागला म्हणजे तुम्ही उशीर केला. जोर लावावा लागतोय म्हणजे तुम्ही घाई केली. डावा हात गन आणि उजवा हात स्क्रॅपर यांचा ताल जमायला अर्धा तास लागतो, त्या अर्ध्या तासात दाराची मागची बाजू घ्या, पुढची नको.

स्क्रॅपर नवीन आणला की त्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर जरा हात तिरका झाला की कोपरा लाकडात घुसून अशी रेघ मारतो की ती पुढे कितीही घासा, जात नाही. आणि धार. रंगाने धार फार लवकर जाते, मी दर वीस मिनिटांनी कानस फिरवतो. बोथट स्क्रॅपरने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की नुकसान होतं, बस एवढंच आहे.

उष्णतेच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. दारात काच असेल तर काचेला गरम हवा लागली की तडकते, काचेवर ॲल्युमिनियम फॉइल लावलेला पुठ्ठा धरून मगच जवळ काम करा, किंवा तिथे केमिकलच वापरा. माझ्या दोन काचा गेल्यात, दोन्ही वेळा "हे एवढंच राहिलंय" म्हणत होतो. दुसरं, जुन्या दारांचे सांधे बऱ्याचदा सरसाने जोडलेले असतात आणि सरस ६०-७० अंशांलाच मऊ पडतो, त्यामुळे सांध्यावर गन रेंगाळू द्यायची नाही. तिसरं म्हणजे आग. दार उतरवलेलं असेल तर ठीक, पण चौकट जागेवरच असते आणि चौकटीमागच्या फटीत वर्षानुवर्षांची सुकी धूळ, कोळ्याची जाळी असतात, तिथे एखादी ठिणगी तासभर धुमसत राहू शकते. म्हणून चौकटीला मी उष्णता देतच नाही, केमिकल वापरतो. आणि हीट गन चालवायची ती काम संपायच्या एक तास आधीपर्यंतच, नंतरचा तास दुसरं काहीतरी करत तिथेच थांबायचं, पाण्याची बादली जवळ.

कुठल्या रंगावर उष्णता चालत नाही तेही सांगतो. प्लास्टिक पेंट म्हणजे पाण्यातला इमल्शन चिंगमसारखा चिकट होतो. चुना तर तापतो आणि तसाच बसतो. आणि सगळ्यात खाली जुनं लाखेचं पॉलिश असेल तर ते वितळून काकवीसारखं होतं. खरं तर ही आनंदाची बातमी असते, रंगाच्या आधी कुणीतरी पॉलिश केलं होतं म्हणजे लाकडाची छिद्रं लाखेने बंद आहेत आणि रंग आत शिरलेला नाही. तिथे स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं लावून बघा, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि वरचा रंगही घेऊन सुटते. मात्र स्पिरिट आणि हीट गन एका वेळी एका खोलीत नको. तेच बाकी केमिकललाही लागू आहे, आधी उष्णतेचं काम पूर्ण संपवा, गन उचलून ठेवा, मग केमिकलचा डबा उघडा.

केमिकल, म्हणजे पेंट रिमूव्हर. जुने झटपट काम करणारे जे आहेत त्यात मिथिलीन क्लोराइड असतं. दहा मिनिटांत रंग उकळल्यासारखा उठतो, त्याला तोड नाही हे खरं, पण ते जवळपास ४० अंशांनाच उकळतं म्हणजे साध्या हवेतच भराभर उडतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्याचं कार्बन मोनॉक्साइड तयार होतं. बंद बाथरूममध्ये बाथटबचा रंग काढताना माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत असे रिमूव्हर घरगुती ग्राहकाला विकायला २०१९ पासून बंदी आहे. आणि मास्कला लावायच्या, वाफ अडवणाऱ्या साध्या कार्ट्रिजमधूनही ते लवकरच पार होतं, त्यामुळे मास्क लावलाय म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मी ते कामातून काढून टाकलंय. डब्यावर घटक वाचा, हे नाव दिसलं तर ठेवून द्या.

त्याऐवजी बेंझिल अल्कोहोलवाले जेलसारखे मिळतात. हळू आहेत. हळू म्हणजे दहा मिनिटं नाही, चार तास, कधी पूर्ण रात्र. पण वास कमी, लाकडाला काही होत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या चार तासांत आपल्याला काही करायचं नसतं, काम ते करतंय. लोक चुकतात ते इथेच: पातळ हात मारतात, ब्रश पुढे-मागे फिरवतात जसा रंग लावतात तसा, अर्ध्या तासात खरवडायला जातात, वरचा एकच थर निघतो आणि म्हणतात हे फालतू आहे. जाड थापायचं, दोन-तीन मिलिमीटर, एकाच दिशेने, आणि ताबडतोब वरून प्लास्टिकचा कागद घट्ट चिकटवायचा, हवा आत राहू द्यायची नाही. सुकलं की संपलं. किती वेळ ठेवायचं ते तुमच्या दारावरच ठरवा, खालच्या कोपऱ्यात चार ठिपके लावा आणि दोन, चार, आठ आणि बारा तासांनी एक एक खरवडून बघा, जिथे शेवटचा प्रायमरसुद्धा लाकडावरून लोण्यासारखा सरकला तो तुमच्या दाराचा वेळ. हातमोजे ब्युटाइल रबराचे किंवा डब्यावर जे लिहिलंय तेच, साधे पातळ मोजे काही मिनिटांत फुगतात.

नक्षीत, पॅनेलभोवतीच्या गोलाईत स्क्रॅपर जात नाही, तिथे हत्यार म्हणून बांबूची काडी, आइसक्रीमची लाकडी काडी नक्षीच्या आकाराला तासून घेतलेली, खोल रेघेसाठी सुतळी, दोन टोकं धरून पुढे-मागे ओढायची. आणि एक युक्ती जी मला एका म्हाताऱ्या सुताराने दाखवली: सुटलेल्या चिखलावर रंध्याच्या छिलप्या किंवा जाडसर भुसा मूठभर टाका आणि त्यानेच चोळा. भुसा तो चिकट राडा शोषून घेतो, खाचेत शिरून घासतो, आणि लाकडाला ओरखडा नाही. यासारखं स्वस्त आणि चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही.

मोठ्या रंध्रांच्या लाकडात, सागवानात किंवा ओकमध्ये, सगळं झाल्यावर रेषांमधे पांढरे बारीक ठिपके राहतात, तो छिद्रात अडकलेला प्रायमर. इथे लोक हताश होऊन सँडर काढतात, पण छिद्र खोल असतं, घासून ते जात नाही. परत थोडं रिमूव्हर, आणि पितळी तारांचा मऊ ब्रश, फक्त रेषेच्या दिशेने. लोखंडी तारेचा ब्रश नको, आणि ड्रिलला लावायचं तारेचं चक्र तर नकोच नको, ते लाकडाचा मऊ भाग खाऊन टाकतं आणि कडक रेषा वर राहतात, दार पन्हाळी पत्र्यासारखं होतं. स्टील वूल म्हणजे बारीक लोखंडी तारांचा बोळाही ओल्या लाकडावर नको. लोखंडाचे बारीक कण लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिळून निळे-काळे डाग पडतात, जुन्या काळी शाई याच पद्धतीने बनवत. पडलेच असतील तर ऑक्झॅलिक ऍसिडच्या पाण्याने जातात, हातमोजे-चष्मा घालून, आणि नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून.

कॉस्टिक सोड्याबद्दल विचारलंत म्हणून. तो रंग काढतो, यात वाद नाही, ऑइल पेंटमधल्या तेलाचा साबण करतो म्हणजे रंगाचा पायाच काढतो. पण तो रंगापाशी थांबत नाही. टॅनिनवालं लाकूड काळवंडतं, तंतू लोंबतात, हाताला लव लागते, सरस सुटतो, पाणी इतकं पितं की पॅनेल फुगून चीर पडते. आणि नीट धुऊन व्हिनेगरच्या पाण्याने मारला नाही तर आत राहिलेला सोडा महिन्या-दोन महिन्यांनी पॉलिशखालून पांढऱ्या भुकटीसारखा वर येतो. टाकीत बुडवून साफ केलेली दारं मी दुरुस्त केलीत, सांधे हलवले की खुळखुळतात. शिवाय कातडी आणि डोळे जातील ते वेगळंच. लोखंडी गेटला लावा हवं तर.

रंग निघाला की धुणं. रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा मेण असतं, ते लाकडावर राहिलं तर पॉलिश त्या जागी वाळतच नाही, चिकट डाग राहतो. डब्यावर पाण्याने धुवा लिहिलं असेल तर ओल्या फडक्याने, पाणी ओतायचं नाही, नाहीतर मिनरल टर्पेंटाइनने दोनदा, दर वेळी नवीन फडकं. मग दार आडवं, सावलीत, दोन्ही बाजूंना हवा लागेल असं दोन लाकडी घोड्यांवर म्हणजे सुताराच्या स्टँडवर, निदान दोन-तीन दिवस. उन्हात ठेवू नका, एक बाजू वाळते आणि दार वाकतं.

आणि आता, आता तो सँडर. तोही सपाट पट्ट्यांपुरता. ८० नंबर विसरा, १२० ने सुरुवात, मशीनला स्वतःच्या वजनावर फिरू द्यायचं, दाबायचं नाही. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे मिळते तिथे रेषा काटकोनात येतात, मशीन त्या जोडावरून गेलं की एका बाजूला आडवे ओरखडे पडणारच, म्हणून जोडाच्या दोन इंच अलीकडे मशीन बंद आणि तिथे हाताने, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, एका पट्टीच्या कडेवर चिकटपट्टी लावून दुसरी घासायची, मग उलट. शेवट १८० ने, सगळा हाताने, रेषेच्या दिशेने. नक्षीला फक्त हात आणि कागदाची घडी. यापेक्षा बारीक करत गेलात तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, नीट पीत नाही.

घासून झालं, धूळ पुसली, की दारावर स्पिरिटचं ओलं फडकं फिरवा आणि दिवा बाजूने तिरपा धरून बघा. पॉलिश मारल्यावर दार कसं दिसेल ते या अर्ध्या मिनिटात दिसतं, राहिलेला रंग, मशीनच्या खुणा, सगळं. जे दिसेल ते आत्ताच दुरुस्त करा, स्पिरिट उडून गेलं की परत सगळं छानच वाटतं आणि तिथेच फसायला होतं.

पॉलिश कुठलं हा वेगळा विषय आहे, फक्त एवढं की वरची आणि खालची जाडीची कड विसरू नका, तिथल्या उघड्या टोकांतून लाकूड सगळ्यात जास्त दमट हवा पितं आणि पावसाळ्यात दार अडकतं. आणि अळशीच्या तेलाचं काही वापरणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, काडी लागत नाही, एक एक सुटं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

बिजागऱ्या परत बसवताना जुनी भोकं ढिली वाटली तर लांब स्क्रू घालायच्या आधी भोकात लाकडाची चिपटी डिंक लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, पात्याने सपाट कापा आणि नवीन बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू लावा. आणि दोन्ही बाजू मिळून चार पूर्ण दिवस धरा, सलग नाही, कारण केमिकल ठेवल्यावर आणि दार वाळताना हात बांधूनच बसायचं असतं. पंजाएवढी जागा उघडल्यावर काय निघालं ते फोटोसकट कळवा, लाकूड बघितलं की पुढचं सांगतो.